सतरा नंबरची पट्टी

भाची गोठ्यात कामाला आली त्या पहिल्याच दिवशी मी तिचा अर्धा तास कापला. दहा मिनिटं उशीर झाला होता. वहीत पाचऐवजी साडेपाच लिहिलं आणि खाली सही ठोकली. घरी गेलो तर बायको कमरेवर हात ठेवून उभी. "सख्खे मामा ना तुम्ही? का उसने आणलेत?" मी म्हटलं, मामा घरी. गोठ्यात मामाबिमा कोणी नाही, तिथे फक्त गाय आणि धार काढणारा.

आता तेव्हाचा तो ताठा आठवला की माझं मलाच हसू येतं. पण आधी सगळं नीट सांगतो.

आमच्या शेतीच्या कॉलेजला स्वतःचा गोठा आहे. बावीस गाई, त्यातल्या चौदा दुधावर. तिथे मी एकतीस वर्षं धारा काढतोय. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. ज्या पोरांना फी झेपत नाही ती 'कमवा-शिका'मधून गोठ्यात येतात. शेण काढायचं, गाई धुवायच्या, चारा कापायचा, हात बसला की धारही काढायची. तास वहीत चढतात. सत्रात दोनशे चाळीस तास भरले की फी माफ, परीक्षेचं प्रवेशपत्र हातात. नाही भरले तर प्रवेशपत्र नाही. इतकं ते सरळ आहे.

भाचीला पहिल्या वर्षी याची गरज पडली नव्हती. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, मळणीच्या मशीनवर काम करायचे. यंदा ऐन सुगीत मशीनने त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. सुगी गेली, मजुरी गेली. माझी धाकटी बहीण फोनवर रडायला लागली, "दादा, पोरीचं कॉलेज आता थांबवावं लागणार बघ." मागून खसकन फोन ओढल्याचा आवाज आला आणि पोरगी बोलली, "मामा, तुमच्या गोठ्यात जागा आहे का?"

"काम शेणाचं आहे," मी म्हटलं.

"मग काय झालं? शेण काय मी पहिल्यांदा बघतेय?"

आली. गोठ्याच्या पलीकडे चाळीत आमच्या दोन खोल्या आहेत, तिथेच आमच्यात राहायला लागली. पहाटे साडेचारला उठायची. थंडीचे दिवस, नळाचं पाणी हाताला चावायचं. आठवड्याभरात तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. मामी रात्रीच्या जेवणानंतर कोमट तेल लावून द्यायची आणि तेल लावता लावता माझ्याकडे असं बघायची, जणू थंडी मीच पाडलीय.

धार तिला येत होती, घरी एक गाय होती त्यांची. पण अंगठा आत मुडपून ओढायची खोड होती. "मुठीने काढ," मी ओरडायचो. "अंगठ्याने गाईचा सड सोलवटतो. तुझं बोट कोणी असं पिळलं तर चालेल का तुला?" दुसऱ्या दिवशी बघतो तर तिने आपला अंगठा चिंधीने बोटांच्या बाहेर बांधून टाकलेला! मुडपायचा म्हटला तरी मुडपेना. चार दिवस तशीच चिंधी बांधून धार काढली. पाचव्या दिवशी चिंधी काढली, खोडही गेली होती. एकतीस वर्षांत शंभर पोरं शिकवली मी. ही अक्कल एकालाही सुचली नव्हती. तोंडावर मात्र मी एवढंच म्हटलं, "हं. जमतंय."

सकाळी आठला गोठा आटोपून ती तशीच वर्गात पळायची. अंघोळ केली तरी शेणाचा वास केसांतून लवकर जात नाही, मला विचारा. एकदा दुपारी मी चारा आणायला वर्गाच्या खिडकीवरून चाललो होतो. एका बाकावर चार-चार पोरी दाटून बसलेल्या आणि ही मधल्या रांगेत एकटी.  संध्याकाळी मी नुसतं विचारलं, "मैत्रिणी बसत नाहीत का गं शेजारी?"

"नाही बसत. बाक अख्खा मिळतो, मामा! वही एकीकडे, पुस्तक एकीकडे. ऐसपैस."

असं म्हणाली आणि खाली बसून बादली घासायला लागली, जोरजोरात. 

डिसेंबर सरत आला तेव्हा तिचे दोनशे अकरा तास झाले होते. एकोणतीस राहिले. मी रोज सही करताना मनात मोजायचो, आणि घरी मामीही मोजत असायची. तेवढ्यात सतरा नंबरच्या गाईची कास सुजली.

सतरा नंबर म्हणजे आमच्या गोठ्यातली नखरेवाली. पाणी आधी तिला, चारा आधी तिला. तिच्या मागच्या डाव्या सडातून दुधात गुठळ्या यायला लागल्या. डॉक्टरांनी सडात औषधाच्या नळ्या सोडायला सांगितल्या. नळ्या मीच सोडल्या. अशा गाईचं दूध औषध संपल्यावरही चार दिवस टाकून द्यायचं असतं. वर्षापूर्वी असलं दूध चुकून वसतिगृहात गेलं आणि औषध न सोसणाऱ्या एका पोराचं तोंड सुजून भोपळा झालं होतं. तेव्हापासून साहेबांनी नियम केला, औषधातल्या गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधायची. लाल पट्टी दिसली की त्या गाईची धार वेगळ्या बादलीत, आणि बादली थेट खड्ड्यात. आमचे साहेब म्हणजे गोठ्याचे प्रमुख, वयाने माझ्या पोराएवढे. पण नियमाच्या बाबतीत माझा बाप.

पट्टी मी बांधली. माझी गाठ घट्ट असते, पहिल्यापासून. सैल काम मला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी संध्याकाळच्या धारेला बसलो. भाचीची तेव्हा वर्गाची वेळ. चारावाला भिंतीला टेकून उभा होता आणि मी त्याला सांगत होतो, काय तर भाची सहामाहीत वर्गात पहिली आली. तिखटमीठ लावून सांगत होतो. नऊ नंबर झाली, चार नंबर झाली, स्टूल सरकवत सरकवत सतराशी आलो. पायाला पट्टी नव्हती.

आता खरं सांगतो. सड हातात घेतला आणि मला कळलं. मागचा डावा कोमट, आत बोराएवढी गाठ. एकतीस वर्षांचे हात आहेत, ते काय खोटं सांगतात? पण बादली अर्धी भरलेली. उठायचं, साहेबांच्या खोलीपर्यंत जायचं, पट्टी का नाही विचारायचं, परत यायचं. थंडीने गुडघे धरले होते. मनात म्हटलं, पट्टी नाही म्हणजे साहेबांनीच सोडली असेल, दिवस भरले असतील. दिवस भरले नव्हते हेही मला माहीत होतं. मी धार काढली. दूध सगळ्यांबरोबर टाकीत ओतलं. आणि भाचीचं कौतुक तिथून पुढे चालू केलं.

संध्याकाळी सातला आम्ही तिघं जेवायला बसलो. पोरीने पहिला घास उचलला आणि तिचा हात तसाच वर राहिला.

"मामा... सतराची पट्टी."

"काय झालं पट्टीचं?"

"मी सोडली होती. दुपारी तिला धुताना. पट्टीखाली पाय सुजला होता, काच पडला होता. आमच्या घरी आई ओल्या जनावराच्या अंगावर काही ठेवत नाही. सोडून खुंटीला अडकवली, म्हटलं पाय सुकला की सैल बांधते. तेवढ्यात घंटा झाली, प्रात्यक्षिक होतं. मी पळाले... मामा, तुम्ही संध्याकाळी तिचं दूध कुठे ओतलंत?"

मी ताटाकडे बघत म्हटलं, "टाकीत."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. ताट सरकवून उठायलाच लागली. "साहेबांना सांगायला पाहिजे."

"बस खाली!" मी ओरडलो. "अक्कल आहे का? टाकीत चौदा गाईंचं दूध आहे. त्यात हिचं ते किती, वाटीभर! कोणाला कळणार आहे? औषधामुळे फार तर उद्या खानावळीत दही लागणार नाही. थंडीवर ढकलू. थंडीत तसंही कुठे धड लागतं?"

"ते दूध दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डातही जातं, मामा."

"आणि तू सांगितलंस तर तू कुठे जाशील ते कळतंय का? नियम माहीत आहे ना? औषधाच्या दुधात चूक केली की विद्यार्थी योजनेतून बाहेर. एकोणतीस तास राहिलेत बाई तुझे, एकोणतीस! बापाची बोटं आठव जरा."

हे मी बोलायला नको होतं. ती परत खाली बसली. मामी माझ्याकडे बघत होती. साहेब धारेनंतर परगावी गेले होते, पहाटेच येणार होते, आणि दूध सहाच्या आधी हलत नाही. म्हणून मी गप्प बसवू शकलो, एवढंच. पोरीने जेवण तसंच ठेवलं. मी मात्र जेवलो. हात धुताना पाणी हातांवर बराच वेळ सोडलं. सगळी चूक आपली, असं ती धरून बसली होती आणि मी तिला तसं धरू दिलं. आठ महिने राहिलेत, मी स्वतःला सांगत होतो. आठच महिने.

पहाटे मी उठलो तर तिचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं. धावतच गोठ्यात गेलो. ती टाकीसमोर उभी, गाडीवाला समोर कॅन घेऊन वैतागलेला. "बाई, बाजूला हो, मला उशीर होतोय." ही हलेना. "साहेब येईपर्यंत थेंब जाणार नाही." गाडीवाला दांडगा गडी, दोन हातांनी उचलून बाजूला ठेवला असता तिला. पण बघत राहिला बिचारा.

साहेब आले. तिने सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, हात पाठीमागे बांधून. पट्टी का सोडली, कुठे अडकवली, घंटा कधी झाली. मामाने काल गप्प बसायला सांगितलं, हे एवढंच सांगितलं नाही. "धार काढणाऱ्याचा दोष नाही, साहेब. पट्टीच नव्हती," असं वर म्हणाली.

ते शब्द ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी खांबाआड सरकलो.

साहेबांनी टाकीची तोटी सोडायला लावली. शंभर लिटरच्या वर दूध नालीतून फेसाळत खड्ड्यात गेलं. खानावळीचा आचारी हातवारे करून शिव्या घालत होता, वसतिगृहाची पोरं तोंड धुता धुता बघायला गोळा झाली. कोणीतरी म्हणालं, "हीच ती, शेणाच्या वासाची." पोरगी खाली बघत उभी राहिली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"वही द्या," साहेब म्हणाले. तिने ओढणीला हात पुसले आणि वही दिली. "नियम तुम्हाला माहीत होता. सांगितलंत हे चांगलं केलंत. पण आजपासून योजनेत तुमचं नाव नाही."

"हो," ती म्हणाली. मग वळली, रिकामी टाकी उघडली आणि ब्रश घेऊन आत वाकली.

"आता कशाला?" साहेबांनी विचारलं.

"आजची पाळी आठपर्यंत आहे ना साहेब. टाकी तशीच ठेवली तर आंबेल."

कमरेपर्यंत टाकीत वाकलेली, ब्रशचा आवाज येतोय खरखर. वहीत आता एक मिनिटही चढणार नव्हतं. तरी कोपरे घासत होती, जिथे कोणी बघत नाही तिथले. तो आवाज माझ्या छातीत खरखरत होता. माझ्या रक्ताची पोर, एकोणीस वर्षांची, आणि मी सत्तावन्न वर्षांचा घोडा खांबाआड उभा!

"साहेब," मी म्हटलं, "पट्टी तिने सोडली. पण दूध मी ओतलं. जाणून ओतलं."

साहेब हसले, कडवट. "भाची आहे, कळतं मला. पण पट्टी नव्हती म्हणजे तुम्हाला कळणार कसं?"

"हाताला कळतं."

"हाताला? चौदा गाईंत? काका, उगाच अंगावर घेऊ नका. आठ महिने राहिलेत तुमचे."

"डोळे बांधा माझे," मी म्हटलं. "गाई कुठल्याही कुठे उभ्या करा."

पोरगी टाकीतून बाहेर आली. "मामा, नको."

चारावाल्याने आपला रुमाल माझ्या डोळ्यांवर करकचून बांधला. साखळ्या सोडल्याचे, खुरांचे आवाज झाले, गाई इकडच्या तिकडे नेल्या. मग मला दंडाला धरून एकेकीजवळ बसवलं.  पोरं आठवं आश्चर्य बघायला मिळाल्यासारखी श्वास रोखून उभी असणार.

पहिलीला हात लावला. "नऊ नंबर. पुढचा उजवा सड आखूड आहे."

दुसरीने हात लागायच्या आधीच पाय उचलला. "चार नंबर. लाथाळ." कोणीतरी खुदकन हसलं. "बावीस. पहिलटकरीण, कास अजून घट्ट आहे."

चौथीला हात लावला. मागचा डावा सड कोमट होता. गाठ होती, कालच्यापेक्षा जरा बारीक.

अजूनही वेळ गेली नव्हती. "ही काही कळत नाही बुवा," एवढं म्हटलं असतं की सुटलो असतो. साहेबांनी मानलं असतं, पाठही थोपटली असती, मामाने भाचीसाठी जीव टाकला म्हणून. निवृत्ती, शाल, हार, सगळं झालं असतं. मी सड हातात धरून बसलो होतो आणि ती गाय शांतपणे रवंथ करत होती.

"सतरा," मी म्हटलं. "मागचा डावा. आत गाठ आहे. काल पहिल्या धारेलाच कळलं होतं. उठायचा कंटाळा केला. गुडघे दुखत होते. आणि काल हिला गप्प बसायला मीच सांगितलं."

रुमाल सोडला तेव्हा उजेडाने डोळ्यांतून पाणी आलं. उजेडानेच आलं, असं मी नंतर बायकोला सांगितलं. तिने काही मानलं नाही.

साहेबांनी वही हातात फिरवली. मग म्हणाले, "एकतीस वर्षांत असे हात कमावलेत, काका, आणि काल त्यांचंच ऐकलं नाहीत." याच्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

निकाल त्याच दिवशी झाला. माझ्या कागदांत शेरा पडला, दोन महिने धारेवरून काढून मला चारा बारीक करायच्या कुट्टीच्या मशीनवर टाकलं, आणि नाव पोरांच्याच तासांच्या वहीत. जितके तास तितकाच पगार. भाचीचे दहा तास कापले. पण नाव राहिलं. माणूस कमी पडला म्हणून संध्याकाळची धारही तिच्याकडे आली. मी गुडघ्यांना तेल चोळत म्हटलं, "बघ, माझं स्टूल पटकावलंस."

"सरळ बसा हो, मामा, चोळू द्या," ती म्हणाली. तेल तीच लावत होती.

सतराच्या पायाला तिने नवी पट्टी बांधली. बांधताना आपली दोन बोटं पट्टीखाली ठेवली आणि मग गाठ मारली. बोटं काढली की तेवढी जागा राहते, काच पडत नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते बघितलं आणि भिंतीवरच्या नियमांच्या पाटीवर खडूने एक ओळ वाढवली, 'दोन बोटं ठेवून'. खाली कोणाचं नाव लिहिलं नाही. मी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, ती ओळ आमच्या पोरीची.

जानेवारीच्या एका सकाळी मी कुट्टीवरून चहाला गेलो आणि जरा गप्पांत रमलो. परत आलो तर भाची दारात वही घेऊन उभी. धारेवर जो असेल त्याने इतरांचे तास लिहायचे, असा नियम आहे. तो नियमही मीच कधीकाळी साहेबांना सुचवला होता.

"किती लिहिलंस?" मी विचारलं.

"तुम्ही दहा मिनिटं उशिरा आलात."

"अगं, दहाच मिनिटं! मामा आहे मी तुझा."

"घरी," ती म्हणाली. हसली नाही हो, डोळासुद्धा मिचकावला नाही. अर्धा तास कापून तिने वही माझ्यापुढे धरली. तिचा दोनशे चाळिसावा तास आदल्या संध्याकाळीच भरला होता, ती ओळ माझ्या नावाच्या वरच होती. तरी ती आली होती, धार काढायला.

अर्धा तास गमावून माणसाला इतकं बरं वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या नावाखाली सही केली आणि कुट्टीचं मशीन चालू केलं.